खिडकीसमोरची गाडी

"गाडी काढ."

"दोन मिनिटं, काका."

"तुझी दोन मिनिटं मला पाठ झालीयेत. आधी गाडी काढ, मग मिनिटं मोज."

"अहो, वरच्या बाईंनी दार उघडलं की निघालोच. त्या आंघोळीला गेल्यात. आता मी काय बाथरूमचं दार वाजवू?"

"तू काहीही वाजव. चाक फुटपाथवरून खाली घे."

"खाली घेतलं तर मागचा टेम्पो जाणार नाही. वर ठेवलं तर तुम्ही बोंबलता. डोक्यावर घेऊ का गाडी?"

"घे की. टोपी उलटी घालतोस, तिच्यावर बसेल बरोबर."

मागे अडकलेल्या गाड्यांमधून कुणीतरी फिस्सकन हसलं. टोपीवाला मात्र हसला नाही. त्याने हातातलं खोकं व्हॅनच्या बॉनेटवर आदळलं, टोपी आणखी मागे सारली आणि काकांच्या अगदी समोर येऊन उभा राहिला.

"आजोबा," तो म्हणाला. काकांचे एका क्षणात आजोबा झाले होते. "रस्ता काय तुमच्या बापाने बांधलाय?"

"बापाने नाही बांधला. पण या शहरात मी जन्मभर बस चालवली. एकदाही कुणाच्या दारात तोंड खुपसून उभी नाही केली."

"पण आता बस नाहीये ना? मग घरात बसा."

या वेळी हसणारे बरेच होते. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी तर फोनच बाहेर काढले. काकांच्या कानशिलावरची शीर ताडताड उडायला लागली. त्यांनी उजवा हात वर केला, पंजा उघडा, आणि व्हॅनच्या पुढे रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. आता ना टोपीवाला पुढे जाणार, ना मागचे.

या हातामुळेच गल्लीत त्यांचं नाव सिग्नलकाका पडलं होतं. निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, म्हातारा आता सकाळी बाजार, दुपारी झोप आणि संध्याकाळी बाकड्यावर गप्पा असं जगेल. काही दिवस तसं चाललंही. मग गल्लीत व्हॅन यायला लागल्या. आधी एखाददुसरी, मग घरोघरी. कुणी मोजे मागवतंय, कुणी कुत्र्याचं खाणं, कुणी तर समोरच्या दुकानात मिळणारा साबण. गाडी कुठेही थांबायची, दोन्हीकडचे पिवळे दिवे लुकलुकायला लागायचे, आणि जणू त्या दिव्यांनीच परवानगी दिली असावी तसा ड्रायव्हर खोकी घेऊन जिन्यात गडप व्हायचा. बोलायला जावं तर उद्धटपणाची कमाल. एकाने काकांना विचारलं होतं, "तुम्ही ट्रॅफिक पोलीस आहात का?" काका म्हणाले, "नाही." तर तो म्हणाला, "मग हात खाली घ्या, काखेचा वास येतोय."

तरी काका कुणाच्याही गाडीसाठी बाहेर येत नसत. लोकांचा तो गैरसमज होता. ते फक्त एकाच जागेसाठी भांडायचे. त्यांच्या स्वतःच्या खिडकीसमोरच्या.

त्या खिडकीच्या आत त्यांची बायको होती.

तिला पक्षाघात झाला तो सकाळी, केस विंचरताना. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा नाकात नळी होती. डावा हात तेवढा चालत होता, आणि त्या हाताने तिने ती नळी दोनदा उपसून काढली. दुसऱ्यांदा रक्त आलं. काकांनी तिचा हात धरून शब्द दिला, की परत ही नळी घालू देणार नाही, मी तुला चमच्याने भरवीन, दिवस गेला तरी चालेल. आणि खरंच भरवायला शिकले. भाज्या शिजवून चाळणीतून काढायच्या, हनुवटी खाली धरायची, घोट गेला की गळ्याला बोट लावून बघायचं. वेणी घालायला शिकले, कूस बदलायला शिकले, चादर माणसाखालून कशी काढायची ते शिकले. मग त्यांनी पलंग उचलून रस्त्याकडच्या खिडकीशी लावला. तळमजल्याची खिडकी, बसकी, रुंद काच. शाळेतून सुटलेली पोरं, फिरायला निघालेली कुत्री, छत्र्या, भांडणं, सगळं तिला पडल्यापडल्या दिसेल. पलंगाच्या लोखंडी कडेला त्यांनी दोरीने एक चमचा बांधून दिला. काही हवं असलं की तिने डाव्या हाताने चमचा वाजवायचा.

आणि रोज दुपारी, काका मागच्या स्वयंपाकघरात तिच्या भाज्या गाळत असताना, टोपीवाल्याची पांढरी व्हॅन येऊन बरोब्बर त्या काचेसमोर उभी राहायची. कधी आडवी, कधी तिरकी, कधी चाक फुटपाथवर. आत चमचा वाजायला लागायचा. टण टण टण टण.

दिवसभरात तिला बघायला एवढा एक रस्ता, आणि या माणसाने तिच्या डोळ्यांपुढे पत्र्याची भिंत आणून उभी केली. बोलता येत असतं तर तिने त्याला असा झापला असता की त्याने टोपी सुलटी केली असती. आता बिचारी चमचा वाजवतेय. काका चाळणी टाकून बोळातल्या दाराने थेट रस्त्यावर यायचे. तिच्या खोलीतून जायला वेळ नसायचा.

तिला झापता यायचं, हे काकांइतकं कुणाला ठाऊक. ती बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत होती. काचेमागे ती आणि तिच्यासमोर माईक. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल ते कर्ण्यातून सांगायची. सगळं स्थानक तिच्या आवाजावर हलायचं. पण ड्रायव्हरांना इंजिनाच्या गडगडाटात तो आवाज ऐकू यायचा नाही, म्हणून आत शिरणाऱ्या गाडीला ती काचेतून बोटं दाखवायची. दोन बोटं, दुसरा फलाट. पंजा, पाचवा. तरण्याताठ्या काकांना पहिल्यांदा बोटं दाखवली तेव्हा त्यांना ती लख्ख दिसली होती. तरी त्यांनी मान हलवून खूण केली, कळलं नाही. तिने पुन्हा दाखवली. यांनी पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा तिने माईक तोंडाशी ओढला आणि अख्ख्या स्थानकाला ऐकू जाईल असं म्हणाली, "चार नंबरच्या गाडीच्या ड्रायव्हरने डोळे तपासून घ्यावेत." त्यांचं लग्न त्या वाक्यावर ठरलं असं काका सांगायचे. ती म्हणायची, "लग्न नाही हो, माझी शिक्षा ठरली."

आता ती काहीच म्हणत नव्हती. म्हणून काका तिच्या वतीने भांडायचे.

त्या दिवशी, घरात बसा असं ऐकल्यावर, काका बराच वेळ व्हॅनसमोरून हलले नाहीत. शेवटी वरच्या बाई ओले केस पुसत खाली आल्या, खोकं घेतलं, टोपीवाला गाडीत बसला, काच खाली करून आणखी एक सणसणीत शब्द बोलला आणि निघून गेला. काका घरात आले. बायकोचे डोळे मिटलेले होते. त्यांना वाटलं, थकली. त्यांनी फोन उचलला आणि व्हॅनच्या दारावर लिहिलेला नंबर फिरवला. तोही त्यांना पाठ होता.

पलीकडे एक मुलगी होती. आवाज इतका गोड की तिला रस्ता कशाला म्हणतात ते माहीत असेल की नाही याची शंका यावी.

"तुमची गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत, सर. गाडी चुकीच्या ठिकाणी लावली एवढीच तक्रार आहे का?"

"एवढीच म्हणजे? रोज लावतो. शिव्या देतो."

"नोंद करून घेते, सर. त्यांनी तुम्हाला हात लावला का? धक्का दिला का?"

काका थांबले. आत पलंगावर ती निपचित पडली होती. एवढीच तक्रार म्हटलं, की हे दिलगीर होणार आणि उद्या दुपारी पुन्हा तो पत्रा. आजवर तेच झालं होतं.

"हो," काका म्हणाले.

"धक्का दिला?"

"हो म्हटलं ना."

दुसऱ्या दिवसापासून टोपीवाला आला नाही. त्याच्या जागी एक अबोल, सरळमार्गी माणूस यायला लागला. तो व्हॅन कोपऱ्यावर लावायचा आणि खोकी हातगाडीवरून आणायचा. गल्लीने काकांची पाठ थोपटली. चष्मेवाला म्हणाला, "मानलं तुम्हाला." काकांनी खिडकीची काच वर्तमानपत्राने घासूनघासून आरशासारखी केली आणि बायकोच्या उशीशी बसून म्हणाले, "बघ. तुझा सगळा रस्ता तुला परत आणून दिला."

ती रस्त्याकडे बघत राहिली. दुपारी भरवायला बसले तेव्हा तिने दोन घास घेतले आणि ओठ मिटले.

दुसऱ्या दिवशी एकच. मग चमचा ओठांशी नेला की ती मान भिंतीकडे फिरवायची. काकांचा आपल्या स्वयंपाकावर फार जीव. दुपारचं जेवण ती वाटीच्या तळाला लागेपर्यंत खाते हे ते दाराशी थांबवून लोकांना सांगायचे, आणि श्रेय गाजराला द्यायचे. आता त्यांनी गाजर बदलून भोपळा केला, भोपळ्यात लोणी घातलं, लोण्यात साखर घातली. लेकराला करतात तशी चमच्याची गाडी केली, भुर्रर्र म्हटलं. तिने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनीच चमचा खाली ठेवला.

डॉक्टर आले, घसा बघितला, छाती ऐकली. बाहेर बोळात उभं राहून म्हणाले, "नवीन काही झालेलं नाही. त्यांना गिळता येतंय. गिळायचं नाहीये."

"का पण?"

"ते तुम्हाला माहीत असायला हवं. घरात काही बदललं का?"

"काही नाही. उलट आता शांतता आहे."

"अजून काही दिवस बघू. नाहीतर नळी घालावी लागेल. पर्याय नाही."

नळी म्हटल्याबरोबर आतून आवाज आला, चमच्याचा. एकच, जोरात.

काका पडदे धुवायला द्यायच्या निमित्ताने समोर लाँड्रीत गेले. खरं तर त्यांना कुणाजवळ तरी बसायचं होतं. लाँड्रीवाली त्यांच्या मुलीच्या वयाची, नवऱ्याला सोडून आलेली, तोंडाने फटकळ, आणि दिवसभर वाफेच्या इस्त्रीमागे उभी. तिच्या टेबलासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे काकांची खिडकी.

"खात नाही गं," काका म्हणाले. "काय करू कळत नाही."

तिने इस्त्री उभी ठेवली. "काका, एक बोलू? चिडणार नाही ना?"

"मी कधी चिडतो?"

"हो, ते एक आहेच." ती हसली नाही. "तो टोपीवाला गेल्यापासून काकू खात नाहीत. तुमच्या लक्षात नाही आलं?"

"त्याचा काय संबंध?"

लाँड्रीवालीने त्यांच्याकडे बघितलं. मग खुर्चीवरचे कपडे उचलून खुर्ची मोकळी केली. "बसा."

"बोल तू."

"तुम्हाला खरंच माहीत नाही? काका, मला वाटायचं तुम्हाला माहितेय आणि तुम्हाला राग येतो त्याचा. नवऱ्याला येतो तसा. म्हणून मी गप्प."

"कशाचा राग?"

"त्याची गाडी कोपऱ्यावर दिसली की काकू चमचा वाजवायला घ्यायच्या. तो खिडकीसमोर यायचा, मान बाहेर काढून असं करायचा," तिने भुवया उडवल्या, "कुठे लावू? मग काकू बोटं दाखवायच्या. कधी एक, कधी तीन. तो त्याप्रमाणे गाडी मागेपुढे घ्यायचा. तीन म्हणजे पार त्या खांबाशी, चाक वर चढवायला लागायचं. आणि काय त्यांची ऐट, काका. मी मुद्दाम दाराबाहेर येऊन गाडीच्या बाजूने बघायचे. नाही जमलं की अशी मान हलवायच्या. पुन्हा घे. तोही घ्यायचा. मागचे हॉर्न मारून मरायचे, हा त्यांना शिव्या घालायचा आणि गाडी घ्यायचा. मग बरोबर लागली की काकू तोंड उघडून काहीतरी बोलायच्या, आवाज नाही काही, पण लांबलचक बोलायच्या. आणि तो दार आपटून एक कडक सलाम."

काकांनी खुर्चीचा हात धरला.

"मी तर कधी…"

"तुम्ही कसं बघणार? तुम्ही बोळातून यायचात ते थेट त्याच्या अंगावर. भांडताना तुमची पाठ खिडकीकडे."

"आणि ती? मी आल्यावर ती काय करायची?"

लाँड्रीवालीने इस्त्री हातात घेतली, एक बाही सरळ केली, पुन्हा ठेवली.

"डोळे मिटून घ्यायच्या," ती म्हणाली. "तुमचं होईपर्यंत."

लाँड्रीच्या काचेतून काकांना आपली खिडकी दिसत होती. घासून लख्ख केलेली काच आणि तिच्यामागे उशीवरचा एक पांढरा ठिपका. एवढ्या दिवसांत त्यांनी तिला बाहेरून कधी बघितलंच नव्हतं. चमचा वाजला की तो आपल्याला बोलावतोय, यात शंका घ्यावी असं त्यांच्या मनालाही शिवलं नव्हतं. घरात दुसरं होतं कोण?

"तुझा टेम्पो आहे का मागे?" त्यांनी विचारलं.

"आहे. का?"

"किल्ली दे."

"काका, तुम्ही निवृत्त झाल्यापासून स्टिअरिंगला हात लावलेला नाही."

"किल्ली दे, पोरी."

तिने दिली. कपड्यांची बोचकी आत तशीच होती. काकांनी आरसा नीट केला, सीट पुढे ओढली. क्लचवर पडला तो जुना, मुरलेला पाय होता. मागच्या गल्लीतून वळसा घेऊन ते आपल्या रस्त्यात शिरले तसं त्यांना ते जुनं बसस्थानकच वाटायला लागलं. गर्दी, गोंगाट, शंभर माणसांची उठबस, आणि त्या सगळ्याच्या शेवटी काचेमागे एक मुलगी, केसात पेन्सिल खोचलेली. त्यांनी टेम्पो हळूहळू खिडकीसमोर आणला आणि इंजिन चालू ठेवून थांबवला. काच खाली केली. मान बाहेर काढली.

कुठे लावू, अशा त्यांनी भुवया उडवल्या.

ती बघत होती. टेम्पो दिसला तेव्हा तिचा डावा हात चादरीवरून उचलला गेला होता, तो काकांना स्पष्ट दिसला. बोटं उघडायला लागली होती. मग तिची नजर टेम्पोवरून वर सरकली आणि चालकाच्या खिडकीतल्या चेहऱ्यावर येऊन थांबली.

काका हसले. त्यांनी मान हलवली, जुनी खूण, कळलं नाही, पुन्हा दाखव.

हात हळूहळू चादरीवर परत गेला. तिने डोळे मिटून घेतले. घट्ट, भुवया आवळून, आता जे सुरू होणार ते संपेपर्यंत मिटायचे तसे.

"मी आहे," काका म्हणाले. काचेतून काही आत गेलं नाही. "अगं, मी भांडायला नाही आलो."

मागून कुणीतरी हॉर्न मारला. काका मिटलेल्या डोळ्यांकडे बघत बसले. हॉर्न एकाचे चार झाले. शेवटी चष्मेवाला बाहेर आला आणि टेम्पोच्या पत्र्यावर थाप मारून म्हणाला, "काका, तुम्हीसुद्धा? काढा की गाडी."

त्यांनी काढली.

टोपीवाल्याच्या कंपनीचं गोदाम शहराच्या टोकाला होतं. काका बसने गेले. आडमुठा ड्रायव्हर वळणावर वेग कमी करत नव्हता, आणि काकांचा पाय मोकळ्या फळीवर आपोआप दाबला जात होता. गोदामात ते आधी काचेच्या केबिनमधल्या साहेबाकडे गेले, उभ्याउभ्या सांगितलं की मी खोटं बोललो, त्याने मला हात लावला नव्हता. साहेबाने संगणकाच्या पडद्यावरून मान वर केली, नीट ऐकून घेतलं आणि बघू म्हणाला.

टोपीवाला आतल्या बाजूला होता. वरून घसरत येणारी खोकी पकडून वेगवेगळ्या पिंजऱ्यांत टाकायचं काम. टोपी नव्हती. कपाळावर टोपीने केलेली फिकट रेघ तेवढी राहिली होती, आणि बोटांच्या पेरांना चिकटपट्ट्या. सुट्टीची घंटा होईपर्यंत काका पाण्याच्या पिंपाशेजारच्या बाकावर बसून राहिले.

"तुम्ही?" तो समोर येऊन म्हणाला. "आता काय, इथला पण रस्ता अडवला का मी?"

"थोडं बोलायचं होतं."

"बोला की. तुमचं तर फोनवरून पण छान होतं बोलून."

काका बाकावर बाजूला सरकले. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला, डबा उघडला, न खाता परत मिटला.

"मी हात लावला होता तुम्हाला?"

"नाही."

"बोट?"

"नाही."

"मग?"

"ती मुलगी विचारत होती. मला वाटलं, हो म्हटलं की ऐकतील."

"ऐकलं ना. चांगलंच ऐकलं. गाडी काढून घेतली, इथे आणून टाकलं. माझी आई विचारते, तू म्हाताऱ्या माणसाला मारलंस का रे. तिला सांगतो नाही, तर म्हणते मग ते कशाला खोटं बोलतील, वडीलधारी माणसं."

"साहेबांना आत्ताच सांगून आलो खरं काय ते."

"काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."

"झालं. इथे बघू म्हणजे नाही." त्याने पिंपातून पाणी घेतलं, अर्धं प्यायलं, अर्धं मानेवर ओतलं. मग काकांकडे न बघता विचारलं, "काकू कशा आहेत?"

"जेवत नाही."

"अजिबात?"

"घास, दोन घास. नळी घालायची म्हणतायत नाकातून. मी तिला शब्द दिला होता की नाही घालू देणार."

टोपीवाल्याने बोटावरची सुटलेली पट्टी दाबून बसवली.

"पहिल्यांदा मला वाटलं, बाई बोटं दाखवून शिव्या देतायत," तो म्हणाला. "म्हणून मी पण दाखवणार होतो. मग बघितलं, त्या नुसत्या मोजून दाखवत होत्या. एक. मी गाडी थोडी पुढे घेतली तर एवढ्या खूश झाल्या. मग रोजचंच झालं. मी कुणाचं ऐकत नाही, काका. खोटं कशाला सांगू, बाकीच्या गल्ल्यांत मी कुठेही गाडी घालतो, लोक ओरडतात, मी पण ओरडतो. नाही घातली तर खोकी संपत नाहीत. पण दिवसातून एकदा कुणीतरी सांगायचं, इथे लाव. बरं वाटायचं."

"मला का नाही सांगितलंस?"

"कधी सांगू? तुम्ही आलात की सुरू. आणि माझंही तोंड वाईट."

"ती बसस्थानकावर होती," काका म्हणाले. "खिडकीत. गाड्या लावायची."

"अच्छा. तरीच."

"एकदा ये. तुझी सुट्टी असेल तेव्हा. गाडी नसली तरी चालेल, नुसता येऊन उभा राहा."

"नुसता उभा राहून काय होणार? त्या गाडी लावायच्या, मी फक्त आत बसलेला असायचो. मला बिनगाडीचं ओळखतील तरी का?"

"ओळखेल."

"आणि मला काय सांगता हो? तुम्ही एवढे जन्माचे ड्रायव्हर. तुमचं घर, तुमची खिडकी. तुम्हीच न्यायची होती एखादी गाडी."

"नेली होती."

टोपीवाल्याने मान वळवली.

"काय सांगता? खिडकीसमोर?"

"समोरच्या लाँड्रीचा टेम्पो. अगदी खिडकीसमोर लावला."

"आणि कुठे लावू म्हणून विचारलंत?"

"विचारलं."

आत घंटा झाली. वरून पहिलं खोकं घसरत आलं आणि रिकाम्या जागी येऊन आपटलं, त्याच्यामागे दुसरं. कुणीतरी टोपीवाल्याला हाक मारली. त्याने हात वर करून थांब म्हटलं, पण उठला नाही. तो काकांकडे सरकून बसला होता, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर कुरापत नव्हती, नुसती उत्सुकता होती.

"मग?" तो म्हणाला. "किती बोटं दाखवली त्यांनी?"

काकांनी बाकाची कड धरून स्वतःला उभं केलं. शर्टाची सुरकुती हाताने सरळ केली. मग खोक्यांच्या पिंजऱ्यांमधून वाट काढत, कुणालाही न अडवता, ते दाराकडे चालायला लागले आणि उघड्या फाटकातून बाहेर निघून गेले.